गुरुवारचं वाचनालय

प्रल्हादराव गवाणकर निवृत्त झाले तेव्हा विमा कंपनीने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. बसायला जागा दिली नाही. ती आपली आपण शोधायची असते, हे त्यांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता कळलं.

गोखिवऱ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक हॉल, एक बेडरूम आणि एक स्वयंपाकघर होतं. अकरापासून पाचपर्यंत हॉलमध्ये त्यांच्या पत्नीची, जयवंतीबाईंची, तिसरी-चौथीची शिकवणी चाले आणि बेडरूममध्ये स्कॉलरशिपची मुलं पाढे म्हणत. स्वयंपाकघरात भागूबाई भांडी घासत असे. प्रल्हादराव तिथे स्टुलावर जाऊन बसले, तर तिने त्यांना आधी पाय वर घ्यायला सांगितले, मग स्टूल बाजूला घ्यायला सांगितलं, आणि शेवटी कामणच्या बोलीत, पण अगदी प्रेमाने, विचारलं, "साहेब, तुमाला भायेर काय काम नाय का?" चौतीस वर्षं हे घर त्यांच्याशिवाय चालत होतं, आणि चांगलं चालत होतं. आता ते मधे येत होते. याचं त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही घरात रिकामा कोपरा नव्हता.

काम नव्हतं असं मात्र नाही. वसईतल्या एका साप्ताहिकासाठी ते दर आठवड्याला शब्दकोडं तयार करत. उत्तरं पाठवणारे वाचक एकूण सात होते, आणि त्यातला एक संपादकांचा मेहुणा होता. पण प्रल्हादराव आपल्या कामाकडे गांभीर्याने पाहत. आडवे सव्वीस आणि उभे चोवीस शब्द एकमेकांच्या पायात पाय न घालता बसवायचे, म्हणजे टेबल हवं, आणि शेजारी कोणी बारा साते चौऱ्याऐंशी म्हणत नसावं.

इमारतीतल्या लोकांनी सल्ले दिले. सल्ल्याला आमच्याकडे कधी तोटा नसतो. सेक्रेटरींनी गच्ची सुचवली. तिथे टाकीच्या सावलीत बसल्यावर तिसऱ्याच दिवशी एका कबुतराने उभ्या सतराव्या शब्दावर आपलं मत नोंदवलं. कोणी म्हणालं, वसई गावात कोर्टाच्या आवारात झाडाखाली ऐसपैस जागा आहे. होती खरी. पण हातात पेन आणि समोर कागद घेऊन माणूस तिथे बसला, की तो अर्ज लिहून देतो असाच सगळ्यांचा समज होतो. पहिल्या अर्ध्या तासात तिघांनी त्यांच्यापुढे जमिनीचे उतारे ठेवले, आणि पलीकडच्या टायपिस्टने 'आमच्या पोटावर पाय देऊ नका' म्हणून हात जोडले. प्रल्हादराव माफी मागून उठले.

राहिलं वाचनालय. तिथे टेबलं होती, पंखे होते, शांतता होती आणि एक पाटी होती: 'येथे लिहिण्यास सक्त मनाई आहे.' ग्रंथपालांनी कारण सांगितलं. लोक येतात आणि वर्तमानपत्रांतली शब्दकोडी पेनाने सोडवून जातात, मग पुढच्या वाचकाची तक्रार येते. म्हणून दहा वर्षांपूर्वी ठराव करून पेन बंद केलं. प्रल्हादरावांनी छाती पुढे काढून सांगितलं की आपण कोडी सोडवत नाही, रचतो. ग्रंथपालांनी सहानुभूतीने ऐकलं आणि कार्यकारिणीकडे रीतसर अर्ज करायला सांगितलं. अर्ज विहित नमुन्यात हवा होता. नमुना वाचनालयात मिळत होता, पण तिथे बसून भरता येत नव्हता, कारण पेनाला मनाई होती. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की आपला अर्ज विचाराधीन आहे. तो आजही विचाराधीन आहे.

त्या उत्तराचा कागद हातात घेऊन ते पारनाक्याजवळ उभे होते, तेव्हा समोर वॉल्टर तुस्कानोचं कॉफी शॉप दिसलं. वॉल्टर मस्कतला बारा वर्षं कॉफीच्या यंत्रापुढे उभा राहून नुकताच परत आला होता आणि येताना यंत्र घेऊन आला होता. सहा टेबलं, काचेची मोठी खिडकी, आणि गल्ल्यावर त्याची आई ग्रेसी, हातात रोझरीची माळ घेऊन बसलेली. प्रल्हादरावांनी बिचकत विचारलं की एक कॉफी घेऊन किती वेळ बसता येतं. वॉल्टर म्हणाला, "बसा ना अंकल, टेबलाला काय भूक लागते का?"

असं वाक्य प्रल्हादरावांना गेल्या कित्येक महिन्यांत कोणी ऐकवलं नव्हतं.

घरी मात्र त्यांनी वाचनालयात जातो असंच सांगितलं. कॉफी शॉपमध्ये जातो म्हणणं जमण्यासारखं नव्हतं. घरात कॉफी असताना बाहेर जाऊन कॉफी पिणारा निवृत्त माणूस म्हणजे एकतर व्यसनी, नाहीतर घरी भांडण झालेला, असा आपल्यात सरळ हिशेब असतो. वाचनालयाला कोणी नावं ठेवत नाही. अडचण एवढीच होती की वाचनालय गुरुवारी बंद असे आणि प्रल्हादराव गुरुवारीही डबा घेऊन बाहेर पडत. पण जयवंतीबाईंच्या हे कधी लक्षात आलं नाही, आणि आपल्या चातुर्याबद्दल प्रल्हादरावांना दर गुरुवारी थोडा अभिमान वाटे.

कोडं तासाभरात व्हायचं. उरलेला वेळ ते माणसं बघत.

हे सुख त्यांना साठाव्या वर्षी कळलं. आयुष्यभर त्यांनी माणसं कागदावर पाहिली होती, तीही बहुतेक मेल्यानंतर, कारण ते दावे विभागात होते. इथे जिवंत माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल कुठलाही निर्णय द्यायचा नव्हता. दोन भाऊ होते. विहिरीवरून त्यांचा कोर्टात दावा चालू होता. तारीख संपली की दोघे इथे येत, वेगवेगळ्या टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून बसत, आणि थोरला आपल्या पॅटिसचा अर्धा तुकडा वॉल्टरच्या हाती धाकट्याला पाठवी. धाकटा तो खाई, पण मागे वळून बघत नसे. एक गृहस्थ दर सोमवारी राजीनाम्याचं पत्र लिहीत आणि दर सोमवारी फाडत. कॉलेजची मुलं एका ग्लासात दोन नळ्या घालून भविष्याबद्दल बोलत. हे सगळं प्रल्हादराव एका वहीत लिहून ठेवत आणि प्रत्येकाबद्दल अंदाज बांधत. निरीक्षण अचूक असे. अंदाज तेवढे चुकत. एका जोडप्याला त्यांनी महिनाभर पळून जाण्याच्या बेतात असलेलं ठरवलं होतं. ते दोघे पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकत होते.

तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सव्वापाचला, दार उघडून उन्नती आत आली.

उन्नती म्हणजे त्यांच्याच इमारतीतली, वरच्या मजल्यावरच्या शत्रुघ्न पेडणेकरांची मुलगी. वय सत्तावीस. कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिंगचं काम करायची. तिने प्रल्हादरावांना पाहिलं आणि ती दारातच थांबली. प्रल्हादराव बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. पायात चपला होत्या. वाकलेल्या अवस्थेत माणूस किती वेळ काढणार? ते वर आले तेव्हा ती खिडकीजवळच्या टेबलावर त्यांच्याकडे तिरकी पाठ करून बसली होती.

सव्वासहाला ती उठली, बेसिनवर तोंड धुतलं, केस घट्ट बांधले आणि गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोज.

प्रल्हादरावांना सगळं समजायला फार अक्कल लागली नाही. शत्रुघ्न पेडणेकर चार वर्षं अर्धांगवायूने पलंगावर होते. दिवसभर उन्नतीची आई, विनयावहिनी, त्यांचं करत आणि साडेसहाला मुलगी दारात आली की सगळं तिच्या हाती देऊन भिंतीला टेकत. कूस बदलणं, भरवणं, पुसणं हे सगळं मग उन्नतीचं. तिचं ऑफिस सहाला सुटतं असं घरी माहीत होतं. ते पाचला सुटत होतं. मधला एक तास ती इथे येऊन बसे. एक कॉफी घेई, पहिली पंधरा मिनिटं तिला हातही लावत नसे, नुसती खिडकीबाहेर आणि टेबलांकडे बघत राही. धाकट्या भावाच्या टेबलावर पॅटिसचा तुकडा पोचला की तिच्या चेहऱ्यावर हसू येई. त्याच क्षणी प्रल्हादरावही हसत असत. दोघांनी एकमेकांना हसताना कधी पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं असं कधी दाखवलं नाही.

यातून एक करार झाला. तोंडी नाही, लेखी तर नाहीच. कॉफी शॉपमध्ये ओळख द्यायची नाही. इमारतीच्या जिन्यात भेट झाली तर फक्त पाण्याबद्दल बोलायचं. "पाणी आलं का काका?" "आलं, पण धार बारीक आहे." दोन वर्षं दोघांनी हा करार पाळला. प्रल्हादरावांच्या वहीत विहिरीचे भाऊ होते, राजीनामेवाले होते, ग्रेसीच्या माळेचे मणीसुद्धा होते, पण उन्नतीबद्दल एक अक्षर नव्हतं. आपल्या या संयमाचा त्यांना गुरुवारच्या चातुर्याहूनही जास्त अभिमान होता.

आणि मग दोन हजार पाचच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, विरारहून जितेशचे मामा आले.

जितेश हे उन्नतीला आलेलं स्थळ. मुलगा चांगला होता, विरारला एका कारखान्यात सुपरवायझर होता, आणि मुख्य म्हणजे लग्नानंतरही मुलीने आईवडिलांकडे येत-जात राहावं याला त्याची ना नव्हती. पत्रिका जुळली होती. अठ्ठावीस गुण. राहिली होती फक्त चौकशी. आपल्याकडे चौकशी कशी करतात हे सांगायला नको. मुलीच्या घरी विचारायचं नाही, शेजाऱ्याकडे जायचं. शेजाऱ्याकडेही सरळ विचारायचं नाही. पाणी मागायचं, इमारतीत लिफ्ट का नाही म्हणून हळहळायचं, आणि उठता उठता सहज आठवल्यासारखं मुलीचं नाव काढायचं. उत्तर देण्याचीही रीत आहे. "चांगली मुलगी आहे हो, मान वर करून बघत नाही," एवढं म्हणायचं आणि चहाचं विचारायचं. पिढ्यान् पिढ्या लग्नं या एका वाक्यावर झाली आहेत.

जयवंतीबाई घरी असत्या तर त्यांनी हे वाक्य म्हटलं असतं आणि गोष्ट इथेच संपली असती. त्या बाजारात गेल्या होत्या.

मामांनी गेटवर भागूबाईला मजला विचारला, वर येऊन पाणी घेतलं, लिफ्टबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग विचारलं, "पेडणेकरांची मुलगी तुमच्या बघण्यात असेल?"

इथे प्रल्हादरावांचा घात त्यांच्या नोकरीने केला. दावे विभागात चौतीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती: अर्धवट माहितीवर दावा नामंजूर होतो. माहिती पूर्ण द्यावी, तारखेसह, वेळेसह, शक्य तर प्रत्यक्षदर्शीच्या जबानीसह. शिवाय दुसरंही एक कारण होतं, आणि ते जास्त खरं होतं. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी समोर बसून त्यांचं मत विचारत होतं आणि ते ऐकायला मान पुढे करत होतं. ज्याला दोन वर्षांत 'पाय वर घ्या'पलीकडे कोणी काही म्हटलं नाही, त्याला असा कान मिळाला की जीभ सुटते.

"बघण्यात?" प्रल्हादराव म्हणाले. "अहो, दोन वर्षं रोज एक तास बघतो आहे."

आणि त्यांनी सांगितलं. मुलगी किती शांत आहे, रोज सव्वापाचला कशी येते, सव्वासहाला कशी उठते, एका मिनिटाचा फरक नाही. एकच कॉफी घेते. कोणाशी बोलत नाही. कप स्वतः उचलून ठेवते. एकदा एक गरोदर बाई आली तर हिने खिडकीजवळची आपली आवडती खुर्ची दिली आणि उरलेला वेळ उभी राहिली. घरी एवढं आजारपण, पण तोंडावर कधी कुरकुर दिसली नाही, आणि घरी जाण्याआधी तोंड धुऊन प्रसन्न होऊन जाते. असं प्रशस्तिपत्र त्यांनी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

मामा शांतपणे ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न केला, हे कॉफीचं दुकान नक्की कुठे. प्रल्हादरावांनी रिक्षाने कसं जायचं तेही सांगितलं.

आठवड्याने विरारहून निरोप आला: पत्रिका जुळत नाही. अठ्ठावीस गुण महिनाभरात कुठे गेले हे कोणी विचारत नाही, कारण पत्रिका जुळत नाही याचा अर्थ कोणीतरी काहीतरी बोललं, हे सगळ्यांना माहीत असतं. विनयावहिनींनाही माहीत होतं. कोण बोललं एवढंच माहीत नव्हतं. मग चौकशीची चौकशी सुरू झाली. मामांना गेटवर भागूबाईशी बोलताना दोघांनी पाहिलं होतं. तेवढं पुरलं. विनयावहिनींनी तिचं काम बंद केलं, आणि लग्नाच्या मुली असलेल्या बाकीच्या बिऱ्हाडांनीही एकेक करून तसाच विचार सुरू केला. सेक्रेटरींनी प्रल्हादरावांना जिन्यात गाठून बजावलं की कामवाल्या बायकांपुढे घरातलं बोलू नये, जिभेला हाड नसतं त्यांच्या. प्रल्हादराव 'हो' म्हणाले. तो 'हो' त्यांना पुढे कित्येक दिवस घशात टोचत राहिला.

भागूबाई त्यांच्याकडे भांडी घासायला आली तेव्हा पहिल्यांदाच तिने त्यांना पाय वर घ्यायला सांगितले नाहीत. पाठमोरीच म्हणाली, "मी कुनाच्या पोरीचं वाईट नाय बोलले, साहेब. मला पन दोन पोरी हायेत."

आता पेच असा होता. खरं सांगितलं तर भागूबाई सुटत होती, पण उन्नतीचा तास उघडा पडत होता. गप्प राहिलं तर तास शाबूत राहत होता, पण भागूबाईची घरं जात होती. प्रल्हादरावांनी यावर तिसरा मार्ग शोधला. तिसरा मार्ग शोधणाऱ्या माणसापासून देवाने सगळ्यांना वाचवावं. ते कोणालाही न सांगता विरारला मामांच्या घरी गेले.

गैरसमज दूर करायचा, लग्न परत जुळवायचं, म्हणजे सगळेच प्रश्न मिटतील, असा साधा बेत होता. मामांनी बसवलं, मामींनी पोह्यांची बशी आणली. प्रल्हादरावांनी घसा साफ करून सांगितलं की मुलगी तिथे कोणाला भेटायला येत नाही, याची ते लेखी हमी द्यायला तयार आहेत.

"तुम्हाला एवढं खात्रीने कसं माहीत?" मामांनी विचारलं.

"कारण मी स्वतः तिथे असतो ना," प्रल्हादराव उत्साहाने म्हणाले. "रोज. शेजारच्याच टेबलावर. घरीसुद्धा माहीत नाही माझ्या."

मामींनी पोह्यांची बशी उचलली आणि परत आत नेली. चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रल्हादरावांचा अपमान बरेचदा झाला होता, पण भरलेली बशी तोंडासमोरून उचलण्याची वेळ कोणी आणली नव्हती. ते रस्त्यावर आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. आपण साठीतले, टक्कल पडलेले, शब्दकोडी करणारे गृहस्थ आहोत, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण कोणाला सांगणार? आणि आता ही दुसरी गोष्टही गोखिवऱ्यात पोचायला फार दिवस लागणार नव्हते.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी जयवंतीबाईंना एवढंच सांगितलं की पेडणेकरांकडे चला, मला काही बोलायचं आहे. पावणेसात वाजले होते. उन्नती वडिलांना पेज भरवत होती. विनयावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रल्हादराव उभ्यानेच बोलले, साक्षीदाराने बोलावं तसं, आणि या खेपेलाही माहिती पूर्ण दिली. कॉफी शॉप, सव्वापाच, सव्वासहा, रविवारचे मामा, आजचं विरार. भागूबाईचा यात काही दोष नाही, हेही दोनदा सांगितलं.

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं की वहिनी ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "रोज एक तास?"

उन्नतीने चमचा वाटीत ठेवला.

"मी सहा वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसायचे गं," विनयावहिनी म्हणाल्या. "गाडी चुकली असेल तुझी, दमली असशील, असं म्हणत."

पलंगावरून शत्रुघ्नरावांनी काहीतरी आवाज केला. त्यांना काय म्हणायचं होतं ते कोणालाच कळलं नाही. उन्नतीने त्यांचं तोंड पुसलं.

मग ती गवाणकरांना सोडायला दारापर्यंत आली आणि दार मागे लोटून जिन्यात उभी राहिली. प्रल्हादरावांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने मान हलवली.

"लग्नाचं राहू दे काका," ती म्हणाली. "त्या जितेशला मी दोनदाच भेटले होते. पण तो तास माझा होता. दिवसात तेवढाच." तिचा आवाज कापला नाही, आणि त्याचाच प्रल्हादरावांना जास्त त्रास झाला. "तुम्ही नुसतं 'चांगली मुलगी आहे' म्हणायचं होतं."

प्रल्हादराव रडले. जिन्यात, साठीच्या माणसाने रडू नये तसे रडले. उन्नती क्षणभर थांबली, मग आत गेली, कारण पेज गार होत होती.

घरी आल्यावर जयवंतीबाईंनी मुलांच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. प्रल्हादराव वाट बघत होते की आता वाचनालयाबद्दल विचारतील, दोन वर्षं मला फसवलंत म्हणतील. त्या वह्या तपासत बसल्या. दोन वह्या झाल्यावर पेन खाली ठेवून म्हणाल्या, "गुरुवारी वाचनालय बंद असतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

प्रल्हादराव समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसले.

"मला काय काय वाटलं होतं ते तुम्हाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस घरातून जातो आणि कुठे जातो ते बायकोला माहीत नाही. कोणाला विचारणार? उन्नती त्या बाजूला कामाला, म्हणून तिला जिन्यात विचारलं, गुरुवारी काका कुठे असतात गं? तर ती पटकन म्हणाली, काकू, गुरुवारी वाचनालयाचा संदर्भ विभाग उघडा असतो. मी रोज येता-जाता खिडकीतून बघते त्यांना. मान वर करत नाहीत." जयवंतीबाईंनी पुढची वही उघडली. "मी तेव्हापासून निर्धास्त होते."

वाचनालयाला संदर्भ विभाग नव्हता. कधीच नव्हता. चार कपाटं आणि मासिकांचं एक स्टँड, एवढाच कारभार होता. तिने उभ्या उभ्या त्यांच्यासाठी एक आख्खा विभाग बांधला होता, त्याला वार ठरवून दिला होता आणि खिडकी ठेवली होती. तिला त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा तिने तीन वाक्यांत त्यांना झाकलं. आणि त्यांना तिच्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी रिक्षाने कसं जायचं तेही सांगितलं. त्या रात्री प्रल्हादरावांनी वही बाहेर काढली आणि फाडून टाकली. राजीनामेवाले गृहस्थ दर सोमवारी करत तसंच, पान पान करून.

भागूबाईला पेडणेकरांनी परत बोलावलं. ती गेली. प्रल्हादरावांनी तिचीही माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय वर घ्यायला सांगितले, पहिल्यापेक्षा जरा जोरात. तेवढं एकच काय ते पूर्ववत झालं.

उन्नती आता पाच पस्तीसला घरी पोचू लागली. भागूबाईला पलंगापाशी बसवून विनयावहिनी लेकीला घ्यायला रोज बसच्या थांब्यापर्यंत जात. त्यांनाही तेवढाच बाहेरचा वारा लागे, असं त्या म्हणत. त्यांचंही चूक नव्हतं. प्रल्हादराव चार-पाच दिवस कॉफी शॉपमध्ये गेले. सव्वापाचला त्यांची नजर दाराकडे जाई. विहिरीचे भाऊ तारखेला आले, पॅटिसचा तुकडा या टेबलावरून त्या टेबलावर गेला, पण तो बघून हसणारं माणूस एकच असलं की त्यात मजा नसते. ग्रेसीने एकदा माळ थांबवून विचारलं की खिडकीवाली मुलगी आजारी आहे का. प्रल्हादरावांनी "नाही" म्हटलं आणि कॉफी अर्धी टाकून उठले. ते परत तिथे गेले नाहीत.

मग ते खरोखरच वाचनालयात जाऊ लागले. तिथे लिहायला मनाई असल्यामुळे कोडं मनातल्या मनात रचत आणि घरी येऊन उतरवत. वाटेत पाच-सहा शब्द गळून जात. सातांपैकी दोन वाचकांनी उत्तरं पाठवणं बंद केलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते इमारतीचा जिना चढत होते. गुरुवार होता. सवयीने बाहेर पडले होते, वाचनालयाला कुलूप दिसलं, आणि दुसरीकडे कुठे जायचं ते न सुचल्यामुळे अडीच तास त्याच्या पायऱ्यांवर बसून परत आले होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर वरून उन्नती आणि विनयावहिनी खाली येत होत्या, औषधं आणायला निघाल्या असाव्यात. प्रल्हादराव भिंतीला चिकटून उभे राहिले. त्या दिवसानंतर उन्नती त्यांच्याशी पाण्याबद्दलही बोलली नव्हती.

विनयावहिनी थांबल्या. "आज कुठून?" त्यांनी विचारलं.

"वाचनालयातून," प्रल्हादराव म्हणाले.

"आज तर गुरुवार," वहिनी म्हणाल्या. आवाजात धार होती. "गुरुवारी बंद असतं ना ते?"

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं. कुलूप, पायऱ्या, अडीच तास, सगळी माहिती पूर्ण द्यायला ते तयार होते.

"संदर्भ विभाग उघडा असतो आई," उन्नती म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन त्यांच्याकडे न बघता खाली उतरली.

विनयावहिनींनी एकदा मुलीकडे बघितलं आणि एकदा प्रल्हादरावांकडे. "हो का?" त्यांनी विचारलं.

"हो," प्रल्हादराव म्हणाले, आणि त्यापुढे एक शब्दही बोलले नाहीत.